कर्बरॉसवरचं लॅब वाय-फाय, आठ महिन्यांनंतर: सगळा घोळ घड्याळाचा

जूनच्या पहिल्या वादळात जळगावला लाइट गेली, तीन तासांनी आली आणि लॅबमधले काही विंडोज पीसी वाय-फायला जोडलेच जाईनात. लिनक्सवाले जोडले गेले, पण त्यांच्यावर सामाईक फोल्डर उघडेना. बिघाड दोन, कारण एक: घड्याळ. म्हणून हा अनुभव बहुतेक घड्याळावरच आहे. कर्बरॉस म्हणजे पासवर्ड एकदा तपासून पुढे मुदतीचं तिकीट देणारी, ओळख पटवण्याची पद्धत. तिचं बाकी सगळं वाचायला मिळतं, हे मात्र कुणी नीट सांगत नाही.

मांडणी नेहमीचीच. फोन आणि पीसी ईएपी-टीटीएलएसने (ओळख पटवण्यासाठीचा कूटबद्ध बोगदा) येतात, आत पॅप (पासवर्ड जसाच्या तसा पाठवणं), पुढे फ्रीरेडियस (वाय-फायची ओळख तपासणारा सर्व्हर), आणि तो पासवर्ड केडीसीकडे, म्हणजे कर्बरॉसची तिकिटं देणाऱ्या सर्व्हरकडे, तपासून घेतो. पॅपच लागतं, कारण फ्रीरेडियसच्या कर्बरॉस मोड्यूलला उघडा पासवर्ड हवा असतो. पीईएपी-एमएसचॅप (यात उघडा पासवर्ड पाठवलाच जात नाही) इथे चालणार नाही, त्यावर वेळ घालवू नका. फाइल सर्व्हर रास्पबेरी पाय ४ या छोट्या कॉम्प्युटरवर, एनएफएस (नेटवर्कवरून फोल्डर वाटायची पद्धत), कर्बरॉससकट.

सुरुवातीला माझं मत असं होतं की इथे तिकीट नावालाच आहे. वाय-फायला जोडताना हवेतून तिकीट जातच नाही. नेटवर्क मिळाल्याशिवाय केडीसी गाठता येत नाही आणि ओळख पटल्याशिवाय नेटवर्क मिळत नाही, त्यामुळे फोनच्या वतीने फ्रीरेडियसच तिकीट मागतो. हे आजही खरं आहे, पण मत बदललं. पूर्वी सगळ्यांना एकच वाय-फाय पासवर्ड होता. एकाने तो बाहेर सांगितला की प्रत्येक पीसीवर बदलत बसायचं. आता एक खातं बंद केलं की काम झालं. फक्त सेशन-टाइमआउट (किती वेळाने पुन्हा ओळख विचारायची ती मुदत) द्या, नाहीतर खातं बंद होऊनही आधीच जोडलेला फोन पुन्हा ओळख विचारली जाईपर्यंत चालूच राहतो. आमच्याकडे ३६०० सेकंद ठेवलाय.

आता घड्याळ. कर्बरॉस ५ मिनिटांपर्यंतचा फरक चालवून घेतो, म्हणजे ३०० सेकंद. मे महिन्यात पारा ४४-४५ वर जातो, तेव्हा आधी उन्हावरच संशय आला. हिशोब केला तर ऊन सुटलं. घड्याळाचा साधा ३२ किलोहर्ट्झचा क्रिस्टल २५ अंशांपासून जितका दूर, त्या फरकाच्या वर्गाला ०.०३४ ने गुणलं की दशलक्षात किती चुकतो ते कळतं. ४५ अंशांना साधारण १३.६, म्हणजे दिवसाला सव्वा सेकंदसुद्धा नाही. डब्यात ६० अंश झाले तरी दिवसाला साडेतीन सेकंदांच्या आसपास. ५ मिनिटं चुकायला ८० दिवस लागतील, आणि मध्ये एकदा जरी एनटीपी (नेटवर्कवरून येणारी बरोबर वेळ) मिळालं तरी हिशोब पुन्हा शून्यावर.

खरे दोषी दोन. पहिला, पीसीतलं घड्याळ चालू ठेवणारा सीआर२०३२ सेल. जुन्या पीसीत तो संपलेला असतो आणि लाइट गेली की तारीख बारा-तेरा वर्षं मागे जाते. मग फ्रीरेडियसचं सर्टिफिकेट (त्याचं मुदतीचं ओळखपत्र) त्या पीसीच्या लेखी अजून सुरूच झालेलं नसतं, आणि पासवर्ड पाठवण्याआधीच जोडणी तुटते. वेळ दुरुस्त करायला नेटवर्क हवं, नेटवर्कला वेळ हवी. मल्टिमीटरवर २.८ व्होल्टच्या खाली आलेला प्रत्येक सेल बदला. चाळीसेक रुपयांच्या सेलसाठी दिवस घालवणं परवडत नाही.

दुसरा, पाय ४. त्याला स्वतःचं घड्याळच नाही. तो शेवटची वेळ दर तासाला आणि बंद होताना फाइलमध्ये लिहितो आणि चालू होताना तिथूनच पुढे मोजतो. लाइट अचानक तीन तास गेली तर तो तीन ते चार तास मागे उठतो. ब्रॉडबँडही त्याच वेळी बंद, म्हणून एनटीपी नाही. मग केडीसीने दिलेलं ताजं तिकीट पायच्या दृष्टीने पुढच्या वेळेचं ठरतं आणि तो ते नाकारतो. यात एक फसवी गोष्ट आहे. एमआयटी कर्बरॉसच्या क्लायंटमध्ये केडीसी-टाइमसिंक मुळातच चालू असतं, ते क्लायंटचं चुकलेलं घड्याळ सांभाळून घेतं. सर्व्हरचं नाही. त्यामुळे के-लिस्टमध्ये (तिकिटं दाखवणारी आज्ञा) तिकीट ठणठणीत दिसतं आणि माणूस भलतीकडे शोधत बसतो. आधी सर्व्हरवर तारीख बघा.

इलाज डीएस३२३१, पायला जोडायचा सेलवाला आरटीसी, म्हणजे घड्याळ. हा तापमान बघून स्वतःला सावरतो, ० ते ४० अंशांत दशलक्षात २ चूक, म्हणजे वर्षाला मिनिटभर. डीएस१३०७ स्वस्त मिळतो, पण त्यात ही सोय नाही, घेऊ नका. पायच्या १, ३, ५, ९ पिनांवर लावा, आय-टू-सी आरटीसीचा ओव्हरले (पायला हे घड्याळ ओळखायला लावणारी सेटिंग) चालू करा, फेक-एचडब्ल्यूक्लॉक (वेळ फाइलमध्ये लिहिणारा तो प्रोग्राम) काढून टाका. निळ्या मोठ्या मोड्यूलला ५ व्होल्ट देऊ नका. त्यातलं सर्किट सेल चार्ज करायला बघतं आणि सीआर२०३२ चार्ज करायचा सेल नाही.

यावर क्रोनी (एनटीपीने वेळ जुळवणारा प्रोग्राम) लावलं. लॅबमधल्या एकाच सर्व्हरकडून सगळे वेळ घेतात, आणि त्यावर लोकल स्ट्रॅटम १० ठेवलाय, म्हणजे बाहेरचं नेट गेलं तरी तो वेळ देत राहतो. तिकिटांना बरोबर वेळेपेक्षा सगळ्यांची वेळ एक असणं जास्त गरजेचं असतं. सर्टिफिकेटला मात्र खरी तारीख लागते, म्हणून सेल टाळता येत नाही. क्लॉकस्क्यू (घड्याळांतला चालवून घ्यायचा फरक) ३०० वरून ३६०० करा असं कुणी सुचवलं तर ऐकू नका. चोरलेलं ऑथेंटिकेटर (तिकिटासोबत जाणारा वेळेसकटचा पुरावा) पुन्हा वापरायला तासभर मोकळीक मिळते.

आणखी दोन गोष्टी. अँड्रॉइडवर सीए सर्टिफिकेट (ज्यावरून फ्रीरेडियसचं सर्टिफिकेट खरं की खोटं ते कळतं) टाका आणि डोमेनचा रकाना भरा. पॅप असल्याने खोट्या ॲक्सेस पॉइंटला पासवर्ड उघडाच मिळतो, ही तपासणी सोडू नका. आणि कीटॅब (सर्व्हरची कर्बरॉस किल्ली ठेवलेली फाइल) काढताना के-टी-ॲड या आज्ञेने किल्ली बदलते, जुना कीटॅब त्याच क्षणी बाद होतो. किल्ली तीच ठेवायची असेल तर केॲडमिन-लोकलमध्ये नो-रँड-की द्या.

घड्याळं बसवल्यापासून दोनदा लाइट गेली. दोन्ही वेळा फोल्डर आपोआप उघडले.