गहू काढायला एलिव्हेटर की प्रोड्यूसर कार?

कॅनडाच्या नैऋत्य सस्कॅचेवानमध्ये गहू आणि डुरम (पास्त्याचा कडक गहू) पिकवणाऱ्यासमोर माल काढायच्या दोन मुख्य वाटा आहेत. धान्य कंपनीच्या एलिव्हेटरशी, म्हणजे माल घेऊन साठवणाऱ्या आणि रेल्वेत भरणाऱ्या उंच कोठाराशी, करार करा आणि सुपर-बी (दोन ट्रेलरच्या) ट्रकने माल पोचवा. नाहीतर कॅनेडियन ग्रेन कमिशनकडे अर्ज करून रेल्वेचा डबा आपल्या नावावर मागवा, स्वतः भरा आणि थेट बंदराकडे लावून द्या; हीच प्रोड्यूसर कार. आमच्या भागीदारीच्या शेतीत विक्री माझ्याकडे असते, त्यामुळे दोन्ही करून झालंय. इकडे नव्याने जमीन भाड्याने घेतलेले आपले लोक विचारत असतात, म्हणून लिहितोय. रेल्वेच्या एका डब्यात नव्वदेक टन बसतात, सुपर-बीमध्ये चाळीसच्या वर.

सोय बघायची तर एलिव्हेटरला तोड नाही. ट्रक काट्यावर उभा राहतो, वरून नळी येऊन नमुना उचलते, पोरगा तो चाळणीयंत्रात टाकतो आणि पाच मिनिटांत डॉकेज (काडीकचऱ्याची वजावट), ओलावा, प्रथिनं सगळं पडद्यावर. ग्रेड पटली नाही तर नमुना कमिशनकडे पाठवा म्हणायचा कायदेशीर हक्क आहे आणि त्यांचा निकाल दोघांनाही बंधनकारक असतो. हा हक्क वापरायला लाजू नका. एकदा मागितला की पुढच्या खेपेपासून समोरचा माणूस नमुना जरा जपून बघतो, असा माझा तरी अनुभव. कंपनी परवानाधारक असेल तर पैसे बुडण्याचं भयही कमी, फक्त चेक त्याच्या तारखेपासून तीस दिवसांत वटवून घ्या.

भावाचं गणित मात्र धूसर. आपल्याकडे आडत्याच्या पट्टीत हमाली, तोलाई निदान ओळीने लिहिलेली तरी असते. इथे गव्हाच्या बोलीत रेल्वेभाडं, एलिव्हेटरचा हाताळणी-खर्च आणि कंपनीची धास्ती, सगळं ‘बेसिस’ नावाच्या एका आकड्यात, म्हणजे वायदेबाजारातला भाव आणि तुम्हाला मिळणारा भाव यांतल्या फरकात, विरघळलेलं. डुरमला धड वायदेबाजारच नाही, तिथे नुसता भाव सांगतात. गाड्या वेळेवर आल्या नाहीत, एलिव्हेटर तुंबला, व्हँकुव्हरला पावसामुळे जहाज भरणं थांबलं आणि खोळंब्याचं भाडं चढलं, की बेसिस रुंदावतो. चूक कोणाचीही असो, वजावट शेतकऱ्याच्या भावातून. २०१३ साली देशभरात साडेसात कोटी टनांहून जास्त पीक आलं. त्या हिवाळ्यात रेल्वे इतकी मागे पडली की मार्च २०१४ मध्ये सरकारला दोन्ही मोठ्या रेल्वे कंपन्यांना आठवड्याला प्रत्येकी किमान पाच लाख टन हलवायचा हुकूम काढावा लागला. तोवर बेसिसने जे खायचं ते खाल्लं होतं.

तरीही मी एलिव्हेटरवरून हललो नसतो. हलवलं ते करारातल्या तारखेने.

करार होतो जानेवारी-फेब्रुवारीचा. फेब्रुवारी संपत आला की फोन येतो: जागा नाही, पुढच्या महिन्यात बघू. हे एका वर्षाचं दुखणं नाही. आपण उशीर केला तर दंड, त्यांनी केला तर बहुतेक करारांत नुसतं ‘बघू’. आणि पुढचा महिना म्हणजे नेमका कोणता? मार्चअखेर बर्फ वितळायला लागलं की खडीच्या रस्त्यांवर वजनाची बंदी येते. सुपर-बी अर्धवट भरून न्यायचा, म्हणजे तेवढ्याच मालाला खेपा जास्त आणि टनामागे ट्रकभाडं वाढलेलं. तोवर ऊन वाढतं. बिनमधला, म्हणजे शेतावरच्या कोठीतला, माल आतून तापत नाही ना, हे केबल लावून बघत बसा. पाठोपाठ मे महिना, पेरणी. ट्रक चालवणारा माणूस तेव्हा सीड ड्रिलवर असतो. त्यातच कर्जाचा हप्ता मार्चचा. त्या एका ‘बघू’ची किंमत कुठल्याच पावतीवर छापून येत नाही, हीच माझी खरी चिडचिड.

मग प्रोड्यूसर कार बरी का? तिथेही डबा उशिरा येतोच, खोटं कशाला बोला. शिवाय रेल्वेच्या लेखी तुम्ही किरकोळ गिऱ्हाईक. रेल्वेच्या धान्य-कमाईवर सरकारने वरची मर्यादा घातली आहे, पण ती एकूण कमाईवर. शंभराहून जास्त डबे एकदम भरणाऱ्या एलिव्हेटरला रेल्वे सूट देते, तुमच्या दोन-चार डब्यांना पूर्ण दर. लांब गाडी रेल्वेला स्वस्त पडते हे मान्य. पण १९९५ मध्ये भाड्यावरचं अनुदान गेलं, रेल्वेचे फाटे उखडले गेले, गावोगावचे लाकडी एलिव्हेटर पाडले गेले आणि रेल्वेने वाचवलेले मैल आमच्या ट्रकच्या चाकांखाली आले. ते मैल रेल्वेच्या ताळेबंदात दिसत नाहीत, ग्रामपालिकेच्या खड्ड्यांत दिसतात.

आमच्या बाजूला काही फाटे शॉर्टलाइनवाल्यांनी, म्हणजे छोट्या स्थानिक रेल्वे कंपन्यांनी, वाचवले. ग्रेट वेस्टर्न रेल्वे २००४ पासून इथल्याच शेतकऱ्यांच्या आणि गावांच्या मालकीची आहे. अशा लाइनवर लोडिंगची जागा जवळ असेल तर प्रोड्यूसर कारचं गणित बदलतं. एलिव्हेटरचा हाताळणी-खर्च वाचतो, ट्रकचं अंतर कमी होतं, आणि मुख्य म्हणजे डब्याला नंबर असतो. तो कुठे अडकलाय ते कळतं. उशीर झाला तरी ‘आणखी आठ दिवस’ असं उत्तर मिळतं आणि आठ दिवसांवर माणूस बेत आखू शकतो. आमचे डबे बहुतेक वेळा रस्तेबंदीच्या आधी गेले. यात नशिबाचा वाटा किती, ते मोजलेलं नाही.

कष्ट आहेत. उणे तीसमध्ये डब्यावर चढून झाकणाचा गोठलेला खटका रबरी हातोड्याने ठोकून सोडवायचा. खालच्या फाटकातून दाणे झिरपत नाहीत ना, ते वाकून बघायचं, मगच कन्व्हेयर सुरू. डबा लागला की भरायला मुदत मोजकी, तेव्हा घरचं लग्नकार्य असलं तरी जावं लागतं. ग्रेड आणि वजन अखेर बंदरावर ठरतं. म्हणून माल बिनमधून काढतानाच चांगला नमुना बाजूला ठेवा. आणि पलीकडे घेणारा आधी पक्का हवा. २०१२ मध्ये व्हीट बोर्डाची (आमचा गहू विकणाऱ्या एकमेव संस्थेची) मक्तेदारी गेल्यापासून ते काम आपलं आपल्यालाच करावं लागतं, या वाटेने जाणारे कमी झाले ते बरंचसं त्यामुळेच.

डबा मागायचा हक्क तसा जुना. १९०२ मध्ये इकडच्याच सिंटालुटा गावच्या शेतकऱ्यांनी डबेवाटपात डावललं म्हणून रेल्वेच्या एजंटला कोर्टात खेचलं आणि जिंकले. कायद्यात तो अजून आहे. वापरणारे कमी झाले की लोडिंगच्या जागा बंद पडतात, मग कागदावरच्या हक्काचं करायचं काय?

जमीन थोडी असेल, लोडिंगची जागा तासाभराहून लांब असेल किंवा हाताशी माणूस नसेल, तर एलिव्हेटरच घ्या. फक्त करारात उशिरासाठी साठवणुकीची भरपाई लिहून मागा. काही कंपन्या देतात, न मागता कोणी देत नाही. मसूर-वाटाण्याला हे काहीच लागू नाही. तो माल बहुतेक प्रक्रिया करणाऱ्याकडे ट्रकने जातो, आणि त्याचा भाव रेल्वेपेक्षा दिल्लीच्या आयातशुल्कावर हलतो. २०१७ च्या नोव्हेंबरात वाटाण्यावर ५० टक्के शुल्क लागलं तेव्हा इथले बिन भरलेले होते. गव्हाला मात्र, शॉर्टलाइन जवळ असेल तर, निम्मा माल तरी डब्यांनी काढून बघा. अर्ज कापणीनंतर लगेच टाका, डिसेंबरची वाट बघू नका.