डाव्या हाताची ग्रिप, २३,४४० रुपये

आधी आकडे सांगतो, कारण पोलीस ठाण्यात ते कुणी शेवटपर्यंत ऐकून घेतले नाहीत. ॲडव्हान्स ९,२५० रुपये. 'कस्टम ड्युटी'चे ३,७४०. माल निघण्याआधी उरलेले ९,२५०. कुरिअरच्या इन्शुरन्सचे १,२००, जे म्हणे डिलिव्हरीनंतर परत मिळणार होते. बेरीज २३,४४०. एवढ्यात नेमबाजी करणाऱ्या माझ्या मुलीच्या एअर पिस्तुलाला डाव्या हाताची ग्रिप, म्हणजे धरायची लाकडी मूठ, यायची होती. आली ती कुणाची तरी उजव्या हाताची जुनी ग्रिप, अर्धी कापलेली, दुसऱ्या बाजूने पुट्टीचे थर चढवलेली आणि वरून फर्निचरचं चॉकलेटी पॉलिश मारलेली.

"तुम्ही कसे काय फसलात?" असं विचारणाऱ्यांची सध्या रांग लागली आहे. मी आयुष्यभर हिशेबाचं काम केलं. ओटीपी मागणारे, वीजबिल थकलंय सांगणारे, डिजिटल अरेस्टवाले, सगळ्यांना फोनवर झापून झालंय. हा त्यातला वाटलाच नाही. याला ग्रिपमधलं कळत होतं, माझ्यापेक्षा कितीतरी जास्त. तिथेच मी मार खाल्ला.

२०२४ मध्ये पॅरिसला मनू भाकरची दोन ब्राँझ आली, पाठोपाठ आपल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने रायफलमध्ये ब्राँझ घेतलं, आणि तेव्हापासून आमच्याकडच्या चार लेनच्या रेंजवरसुद्धा नंबर लावावा लागतो. पोरं वाढली तसा जुन्या सामानाचा बाजारही वाढला. जॅकेट, बूट, पिस्तुलाचे हवेचे सिलिंडर, ग्रिप, सगळं व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरतं. घेणारे आम्ही पालक. स्पर्धा तोंडावर असते, वस्तूतलं फारसं समजत नाही, आणि पोरीसाठी म्हटल्यावर खिशात हात पटकन जातो. हे त्या लोकांना आपल्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे.

मुलगी डावखुरी, त्यात पंजा लहान. सुरुवातीला दोन्ही हातांना चालणाऱ्या साध्या ग्रिपवर शिकली. मग आम्ही सेकंडहँड स्टायर एलपी १० पिस्तूल घेतलं, ते उजवी मीडियम ग्रिप लावलेलं. उजवी ग्रिप डाव्या हातात धरून बघा एकदा. जिथे बोटं जायची तिथे अंगठ्याचा आधार येतो. तिच्या कोच सरांनी कानशीने घासून कशीबशी हातात बसेल अशी केली, पण ते काही खरं नव्हतं. डोळे मिटून हात लक्ष्याकडे उचलायचा आणि मग डोळे उघडायचे. पुढची साइट, म्हणजे नळीच्या टोकाची नेम धरायची खूण, मागच्या खाचेत मधोमध दिसली तर ग्रिप आपली. हिची साइट दर वेळी एका बाजूला दिसायची. म्हणजे प्रत्येक शॉटला मनगट वळवून ती जागेवर आणायची, आणि असं ७५ मिनिटांत ६० वेळा. दहा मीटरवर दहा गुणांचं वर्तुळ साडेअकरा मिलिमीटरचं असतं. चाळिसाव्या शॉटनंतर मनगट दमलं की शॉट आठात जायला लागायचे. मी मागे खुर्चीत बसून ते बघायचो. आता सांगा, मी घाई केली तर चुकलं कुठे?

ग्रुपवर कुणीतरी नंबर टाकला. 'कस्टम ग्रिप, लेफ्ट हँडसुद्धा.' फोन केला तर माणूस छान मराठी बोलणारा, पुण्यात वर्कशॉप आहे म्हणाला, आधी स्वतः राज्य पातळीवर खेळायचा म्हणाला. "काका, डावखुरी पोरं खेळात नशीबवान, पण ग्रिपच्या बाबतीत कमनशिबी. दुकानदार लेफ्ट स्मॉल ठेवतच नाहीत." हे खरंच होतं! मी स्वतः विचारून दमलो होतो. पैशांचा विषय त्याने काढलाच नाही. आलेखाच्या कागदावर पंजा ठेवून, पेन सरळ उभं धरून बाह्यरेषा काढायला सांगितली. अंगठा आणि तर्जनीच्या बेचक्यापासून तर्जनीच्या पहिल्या पेरापर्यंतचं अंतर मागितलं, कारण ट्रिगर पेराच्या मधल्या गादीखाली यायला हवा आणि बाकीचं बोट लाकडाला कुठेही टेकता कामा नये. बेचकं ग्रिपमध्ये जितकं वर जाईल तितकं चांगलं, दाब मधल्या दोन बोटांनी सरळ मागे यायला हवा, अंगठा नुसता टेकलेला, असं सगळं समजावून सांगितलं. "मी पॉलिश लावत नाही काका, उघडं लाकूड घाम पितं. पॉलिश केलेली ग्रिप हातात सरकते." हे त्याचे शब्द. माझ्याकडे रेकॉर्डिंग आहे. ऐकायला कुणी तयार नाही, हा भाग वेगळा.

किंमत सांगितली १८,५००. फुकटात देतो म्हणाला असता तर मला संशय आला असता. एवढी अक्कल मला आहे. त्याने किंमतसुद्धा खऱ्या मालाला शोभेल अशीच सांगितली.

आता तो फोटो. मी नमुना मागितला, त्याने डाव्या हाताच्या तयार ग्रिपचा फोटो पाठवला, पिस्तुलाला लावलेली. सुंदर अक्रोडाचं लाकूड, वर बारीक टोचे मारलेले, पाम शेल्फ, म्हणजे हात टेकायची खालची फळी, तळहाताच्या कडेखाली अगदी हवा तसा. मी तो बायकोला दाखवला, मुलीला दाखवला. मुलगी बराच वेळ स्क्रीन मोठी करून बघत होती. म्हणाली, "बाबा, पिस्तुलावरची अक्षरं उलटी आहेत." मी काय म्हणालो? "सेल्फी कॅमेऱ्याने काढला असेल." सेल्फी कॅमेऱ्याने! टेबलावर ठेवलेल्या पिस्तुलाचा फोटो सेल्फी कॅमेऱ्याने कोण काढतं? उजव्या हाताच्या ग्रिपचा फोटो त्याने आरशात दिसतो तसा उलटा केला होता, बस्स. मोबाइलमध्ये एक बटण दाबायचं काम. फोटो परत सुलटा केला असता तर ती दुकानात मिळणारी साधी उजवी ग्रिप दिसली असती. चौदा वर्षांच्या पोरीला दिसलं आणि हिशेब तपासण्यात जन्म गेलेल्या बापाला दिसलं नाही. आजही तो फोटो उघडला की कानाखाली वाजल्यासारखं होतं. तरी सांगतो, ज्याने आधी अर्धा तास बेचकं आणि पेरं समजावून सांगितली त्याच्यावर अक्षरांवरून शंका घ्यायला मन धजत नाही. सगळं ठरवून, त्याच क्रमाने केलेलं असतं.

डावखुऱ्यांच्या पालकांनो, फोटोतली अक्षरं वाचा. सिलिंडरच्या मीटरवरचे आकडे वाचा. शक्यतो फोटो घेऊच नका, व्हिडिओ कॉलवर तीच ग्रिप तुमच्या समोर डाव्या हातात धरायला लावा.

पैसे पाठवताना स्क्रीनवर नाव एका बाईचं आलं. "बहिणीचं खातं, काका, माझं जीएसटीचं काम चालू आहे." दुसऱ्या वेळी तिसरंच नाव. यूपीआयवर पैसे पाठवण्याआधी दिसतं ते बँकेत नोंदलेलं नाव असतं. ते वेगळं निघालं तर पिन टाकायचा नाही, मग बहीण असो नाहीतर आत्या.

मग कस्टम. ग्रिप हा पुण्यात कोरणार, तर कस्टम कसलं? विचारलं मी, मुकाट्याने पैसे दिले नाहीत. "लाकडाचा ब्लँक, म्हणजे न कोरलेला ठोकळा, जर्मनीहून येतो, काका." सोबत इंग्रजी शिक्क्यांची पावती. ३,७४० रुपये. परदेशातून आलेल्या पार्सलवर ड्युटी लागली तर ती कुरिअर कंपनी रीतसर पावती देऊन घेते, कुणाच्या बहिणीच्या खात्यात नाही. हे मला आता माहीत आहे. १,२००च्या इन्शुरन्सबद्दल तर लिहायचीही लाज वाटते. राज्य स्पर्धा जवळ आली होती आणि बाकीचे पैसे आधीच गेले होते, एवढंच म्हणतो.

पार्सल आलं. मुलीने उघडलं आणि काही न बोलता आत निघून गेली. मी स्क्रूने लावायचा प्रयत्न केला तर बोल्टचं भोकही जुळेना. सरांनी दुसऱ्या दिवशी ती हातात घेतली, नखाने खरवडली, खालून पांढरी पुट्टी निघाली. पाम शेल्फ वर वळवलेला होता. नियमात तो चालत नाही, इक्विपमेंट कंट्रोलला, म्हणजे स्पर्धेतल्या साहित्याच्या तपासणीत, पहिल्या नजरेत बाद. सरांकडे मोजमापाचं लाकडी खोकं आहे, आतून ४२० बाय २०० बाय ५० मिलिमीटर, स्पर्धेत पिस्तूल त्यात बसावं लागतं. सरांनी ग्रिप नुसती पिस्तुलाला धरून बघितली, तरी पुट्टीच्या थरांमुळे पन्नासात मावत नव्हती. वजनाची मर्यादा १५०० ग्रॅम आणि ट्रिगरला किमान ५०० ग्रॅमचा दाब, तिथवर तर आम्ही पोहोचलोच नाही.

त्याला फोन लावला. उचलला, हे विशेष. "रिफंड देतो ना काका, हा क्यूआर स्कॅन करा." हे मात्र मी केलं नाही. पैसे यायला पिन लागत नाही, पिन फक्त पैसे जायला लागतो. एवढं लक्षात होतं. त्यानंतर नंबर बंद.

१९३० ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन केला. पलीकडच्याने पहिलाच प्रश्न विचारला, "वस्तू मिळाली ना?" मी म्हटलं, मिळाली, पण ती ती वस्तू नाही. "मग हा खरेदी-विक्रीचा वाद आहे." खूप हुज्जत घातल्यावर नोंद झाली आणि सायबर पोर्टलवरचा तक्रारीचा नंबर मिळाला. पैसे गेल्या गेल्या फोन केला तर समोरच्या खात्यात ते गोठवता येतात. पण मला फसवणूक कळली तीच पार्सल उघडल्यावर, तोवर खाती रिकामी. त्यांची युक्तीच ही आहे की काहीतरी पाठवायचं. काहीच न पाठवणारा चोर ठरतो, कचरा पाठवणारा व्यापारी!

बँकेत गेलो. "तुम्हीच पिन टाकलाय, साहेब." बरोबर आहे, मीच टाकला. पण चार वेळा पैसे गेले ती वेगवेगळ्या नावांची तीन खाती तुमच्या यंत्रणेत उघडली कशी, हे विचारायला मी कुठल्या खिडकीवर जायचं?

आणि पोलीस ठाणं. तक्रारीत 'पिस्तूल' शब्द वाचला आणि टेबलामागचा माणूस ताठ झाला. "लायसन्स आहे का?" मी फसवला गेलेला माणूस, आणि मलाच लायसन्स विचारतात! .१७७ बोअरच्या, २० ज्यूलच्या आतल्या एअर पिस्तुलाला लायसन्स लागत नाही, हे मी त्यांना सांगत होतो, मोबाइलवर नियम उघडून दाखवत होतो. दुसरा म्हणाला, "पिस्तूल कुठंय मग?" म्हटलं, पिस्तूल नाही, ग्रिप. पिशवीतून काढून दाखवली. "म्हणजे लाकडाची मूठ. तेवीस हजारांची?" आणि सगळे हसले. मीही हसलो असतो, पैसे त्यांचे गेले असते तर. भारतीय न्याय संहितेतलं फसवणुकीचं कलम ३१८(४) मी स्वतः लिहून नेलं होतं. ते वाचून "वकील आहात का?" साहेब बंदोबस्तावर, मग साहेब रजेवर, मग साहेब बदलले. शेवटी सल्ला मिळाला, ग्राहक आयोगात जा.

गेलो. पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला तिथे फी नाही आणि माणसंही बरी बोलली. पण विरुद्ध पक्षाचा पत्ता लागतो. पार्सलवरचा पत्ता एका झेरॉक्सच्या दुकानाचा निघाला. खरा पत्ता बँकेच्या कागदांत, बँक पोलिसांशिवाय कुणाला देत नाही, पोलीस म्हणतात ग्राहक आयोगात जा. ही फेरी मी मारून बसलोय, तुम्ही मारू नका. तक्रार पहिल्याच दिवशी लेखी द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घेतल्याशिवाय खुर्ची सोडू नका. 'पिस्तूल' शब्दाऐवजी 'खेळाचं साहित्य' लिहा, माझा निम्मा वेळ तिथेच गेला.

पार्सल उघडताना व्हिडिओ काढा. आमचा नाही. पोरीच्या आनंदाचा काढायचा होता, तोही राहिला.

ज्यांना खरंच ग्रिप बदलून हवी आहे त्यांनी आपल्याच हाताला जवळची ग्रिप घ्या, डावखुऱ्याने डावीच, थोडी मोठी असली तरी चालेल. तळहाताला खडूची पूड लावून धरायची, जिथे पूड जास्त उठते तिथे घासायचं, थोडंथोडं. पोकळ वाटतं तिथे पुट्टी, तीही वाळल्यावर घासून. हे काम सरांच्या नजरेखाली रेंजवरच होतं, कुठल्या अनोळखी वर्कशॉपला हाताचे फोटो पाठवून होत नाही. आम्ही आता दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका डावखुऱ्या खेळाडूची जुनी ग्रिप प्रत्यक्ष जाऊन, मुलीच्या हातात धरून, घेतली आहे. सर ती घासतायत. राज्य स्पर्धा गेली.

परवा पोर्टलवर माझ्या तक्रारीसमोर 'निकाली' असं दिसलं. काय निकाल लागला ते कुठेच लिहिलेलं नाही. मी पुन्हा अर्ज दिलाय. 'बहिणीच्या खात्यात' ग्रिपचे किंवा आणखी कशाचे पैसे तुमच्यापैकी कुणी भरले असतील तर लाज बाजूला ठेवा आणि आपापली तक्रार स्वतंत्र नोंदवा, रक्कम ५०० असली तरी. एका खात्यावर एकच तक्रार असली की ते वाद म्हणतात. दहा झाल्या तर निदान खातेदाराला बोलवावं लागेल.