अपेंडिक्सची सोनोग्राफी: ‘आहे’ सांगायला पक्की, ‘नाही’ सांगायला कच्ची

आधी बेंबीभोवती दुखतं, मग काही तासांत दुखणं उजवीकडे खाली सरकतं, जेवण नको होतं, मळमळतं. अशा वेळी डॉक्टर पहिली चिठ्ठी देतात ती सोनोग्राफीची. सीटीपेक्षा बरीच स्वस्त, क्ष-किरणं नाहीत, रिपोर्ट तिथल्या तिथे. तरी आमच्याकडून पाचपैकी साडेतीनच तारे.

तपासणी नीट झाली की नाही, हे टेबलावर झोपल्या झोपल्याही कळतं. पोटासाठी नेहमी वापरतात तो बाकदार प्रोब (पोटावर टेकवून फिरवायचं हातातलं उपकरण) फिरवून झाल्यावर सरळ, चपट्या तोंडाचा लिनिअर प्रोब हातात घेतला पाहिजे. कातडीजवळचे बारीक भाग त्यानेच स्पष्ट दिसतात (अंगाने जाड माणसात मात्र त्याची नजर खोलवर पोचत नाही). मग जिथे सगळ्यात जास्त दुखतं तिथे तो हळूहळू दाबत न्यायचा. १९८६ साली डच रेडिऑलॉजिस्ट पायलार्ट यांनी मांडलेली ही पद्धत. दाबाने आतड्यातला गॅस बाजूला सरकतो आणि निरोगी अपेंडिक्स चपटं होतं. सुजलेलं होत नाही. बाहेरून बाहेर मोजलेला व्यास ६ मिलिमीटरच्या वर, भोवतीची चरबी पांढुरकी, पोकळीत मळाचा खडा आणि त्यामागे काळी सावली, एवढं एकत्र दिसलं तर निदानात फारशी शंका उरत नाही. इथे सेवा उत्तम. दोन मिनिटांत बाकदार प्रोब फिरवून ‘झालं, उठा’ म्हणत असतील, तर ती अपेंडिक्सची तपासणी नव्हे.

तारे कापले ते रिपोर्टमधल्या एका ओळीसाठी: ‘अपेंडिक्स दिसले नाही’. घरचे ती वाचून सुटकेचा श्वास टाकतात. पण ‘दिसलं नाही’ आणि ‘ठीक आहे’ यांत फार अंतर आहे. अपेंडिक्सचं बूड मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला पक्कं असलं, तरी टोक कुठेही वळलेलं असतं. ते आतड्याच्या मागे दडलं, वर गॅस असला, पोट सुटलेलं असलं किंवा दुखण्यामुळे रुग्ण हातच लावू देत नसला, की चांगल्या सोनोलॉजिस्टचाही नाइलाज होतो. शिवाय फुटलेलं अपेंडिक्स कधीकधी रिकामं होऊन बारीक दिसतं. त्याच सुमारास दुखणंही थोडा वेळ उतरतं. तेव्हा ‘आता बरं वाटतंय’ यावर विसंबून घरी थांबू नये.

म्हणून रिपोर्ट एकटा वाचायचा नाही. उजवीकडे खाली दाबल्यावर दुखणं आणि रक्तातल्या पांढऱ्या पेशी १०,००० च्या वर असणं, या दोन्हींना अल्वारादोच्या १० गुणांच्या तक्त्यात (लक्षणांना गुण देऊन अपेंडिक्सच्या सुजेची शक्यता जोखण्याची पद्धत) प्रत्येकी दोन गुण आहेत. बाकीच्या लक्षणांना एकेक. बेरीज ७ किंवा जास्त असेल आणि सोनोग्राफीत काही दिसत नसेल, तर सर्जनला दाखवून सीटी, नाहीतर दवाखान्यात ठेवून काही तासांनी पुन्हा तपासणी. सीटीसाठी शिरेतून औषध देण्याआधी बहुधा क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम कसं चाललंय ते सांगणारी रक्ततपासणी) बघतात. गरोदरपणात सीटीऐवजी शक्यतो एमआरआय.

सोनोग्राफीची एक बाजू कौतुकाची. तरुण मुलींमध्ये बीजकोशाला पडलेला पीळ, कोणातही मूत्रनलिकेतला खडा, लहान मुलांत आतड्याजवळच्या सुजलेल्या गाठी, ही अपेंडिक्ससारखंच दुखवणारी मंडळी एकाच बैठकीत पकडता येतात. बीजकोश पोटावरून नीट दिसायला लघवी भरलेली हवी. पण त्यासाठी तांब्याभर पाणी पिऊ नका. ऑपरेशन ठरलं तर पोट रिकामं लागतं. गरज असली तर सलाइन लावतात. पोट साफ व्हावं म्हणून एरंडेल तर मुळीच नको.

गरोदर बाईची सोनोग्राफी असेल तर दुखणं अपेंडिक्सचं असलं तरी गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या कायद्यातला एफ फॉर्म भरावाच लागतो. ओळखपत्र सोबत ठेवा, नाहीतर अडतं ते काउंटरवरच.