कोकणचा किनारा की चिखलदऱ्याचा घाट?

आपल्या विदर्भातल्या गावात पहाटे धावणारे बहुतेक जण पोलीस भरतीच्या १६०० मीटरसाठी धावतात. काहींना त्यातून गोडी लागते, दहा किलोमीटर होतं, एकवीस होतं. मग कोणीतरी कोकण किनाऱ्यावरच्या ट्रेल मॅरेथॉनचं (रस्ता सोडून कच्च्या वाटांवर धावायचं) पोस्टर ग्रुपवर टाकतो आणि दुसरा लगेच म्हणतो, "अन् इथं चिखलदरा काय कमी हाय धावाले?"

खर्च आणि सवड पाहिली तर घाट सरळ जिंकतो. परतवाड्याहून चिखलदरा साधारण ३० किलोमीटर. रविवारी धावा, सोमवारी वावरात हजर. कोकणात जायचं तर नागपूर-मडगाव विशेष गाडी चालू असली तर बरं, नाहीतर कल्याण-पनवेलला बदला. चार दिवस गेलेच समजा. त्यात किनाऱ्यावर धावायला बरा काळ डिसेंबर ते फेब्रुवारी, म्हणजे नेमकी कापसाची वेचणी, तुरीची सोंगणी आणि रात्रीच्या विजेच्या लाइनीवर हरभऱ्याला पाणी. ज्याच्या घरी दुसरा माणूस नाही, त्याला गळ घालू नका.

घाटात चढ सातशे मीटरच्या आसपास, पण तो समोर दिसतो. चालत चढलात तरी कोणी हसत नाही. किनारा मात्र फसवतो. नकाशावर सपाट वाटतो. प्रत्यक्षात जांभ्याचा सडा (जांभ्या दगडाचं पठार) चढा, उतरा, पुळणीवर म्हणजे वाळूच्या किनाऱ्यावर या, पुन्हा चढा. सगळा खेळ वाळूचा. ओहोटीनंतरची ओली वाळू घट्ट असते, तिच्यावर पाय छान उचलला जातो. भरतीत तोच पट्टा पाण्याखाली जातो आणि वरच्या भुसभुशीत वाळूत पोटऱ्या भरून येतात. शिवाय पुळण समुद्राकडे उतरती, त्यामुळे एका पायावर सतत जास्त भार.

म्हणून फी भरण्याआधी स्पर्धेच्या दिवसाची तिथी बघा. कोकणात हिशेब सोपा आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी सहाच्या सुमारास पूर्ण भरती, अगदी धावायला निघायच्या वेळी! द्वितीया-तृतीयेला भरती दीड-दोनला, म्हणजे ओहोटी साधारण साडेसात-साडेआठला. त्यातही अमावास्या-पौर्णिमेनंतरचं उधाण, म्हणजे भरती-ओहोटी दोन्ही मोठ्या, त्यामुळे पाणी खूप आत ओसरतं. अशी तारीख मिळाली तर अर्धी लढाई तिथंच जिंकली.

"आपण मे महिन्यात ४५ अंशात राहतो, कोकणचं ऊन काय करणार?" हा आपल्याकडचा लाडका गैरसमज. आपल्या कोरड्या हवेत घाम उडतो आणि अंग थंड होतं. दमट हवेत तो नुसताच निथळतो, अंग तापतच जातं. त्यामुळे नेहमीपेक्षा हळू निघा. नुसतं पाणी ढोसू नका, मीठ पोटात जायला हवं. वाटेत मिठाचं कोकम सरबत मिळालं तर सोडू नका. या दमटपणाची तयारी इथं होत नाही. वाळूची होते: हिवाळ्यात नदीच्या कोरड्या पात्रात आठवड्यातून एकदा तासभर धावा.

घाटाची अडचण वेगळी. चिखलदऱ्याभोवतीचा मेळघाट हा व्याघ्रप्रकल्प; मनाला येईल त्या पायवाटेनं शिरता येत नाही. डांबरी रस्ता सोडू नका आणि उजाडल्याशिवाय निघू नका. वाघापेक्षा अस्वलाची धास्ती जास्त.

सोबतीचं म्हणाल तर चढावर टोळी पांगते, प्रत्येकाचा दम वेगळा. किनाऱ्यावर दोघादोघांच्या जोड्या टिकतात आणि खुणेची फीत एकाच्या नजरेतून सुटली तर दुसऱ्याला दिसते.

माझं मत विचाराल तर पहिल्यांदा एकत्र धावणाऱ्यांनी चिखलदरा घ्यावा. एकवीस आधी झालेलं असेल आणि घरचं काम आटोक्यात असेल तर किनारा जरूर करा, पण एकवीसच. ४२.१९५ किलोमीटरची पहिली पूर्ण मॅरेथॉन वाळूत करायची घाई नको. ती हिवाळ्यात इथल्याच सपाट रस्त्यावर करा.