धोशा, तगादा, टुमणे: एका शब्दकोश ॲपची परीक्षा

फोनवरचे एक मराठी शब्दकोश ॲप मी गेले तीन महिने रोज वापरत आहे. कोशाची पारख अवघड शब्दांवर करू नये, एकमेकांना खेटून बसलेल्या सोप्या शब्दांवर करावी, असे माझे मत आहे. म्हणून मी ‘धोशा’ हा शब्द निवडला. ॲपने अर्थ दिला : ‘पुनरावृत्ती, सतत तेच सांगणे’. मग तगादा, लकडा, टुमणे, पालुपद आणि तुणतुणे हे शब्द पाहिले, तर शब्दांची थोडी अदलाबदल करून जवळजवळ तेच उत्तर पुन्हा पुढे आले.

हा अर्थ चुकीचा नाही, पण त्याच्या आधारे एकही वाक्य बिनचूक लिहिता येणार नाही. धोशा, लकडा, तगादा आणि टुमणे हे चारही ‘लावायचे’ असतात, म्हणजे ते कोणाच्या तरी मागे लागतात आणि समोरच्याकडून काहीतरी करवून घेतल्याशिवाय थांबत नाहीत. पालुपद आळवले जाते, तुणतुणे वाजवले जाते. त्यांत ऐकणाऱ्याचे कान किटतात, पण त्याच्याकडे मागणे असेलच असे नाही. सायकल हवी म्हणून मूल धोशा लावते. ‘आमच्या वेळी असे नव्हते’ हे आजोबांचे पालुपद असते, धोशा नव्हे. तगाद्याला मागे काही देणे थकल्याचा आधार असतो; तकाज्याशी नाते सांगणारा हा शब्द अरबी-फारसीतून आला असून आजही वसुलीच्या भाषेत तो सर्वांत सहज बसतो. टुमण्याला असा आधार लागत नाही, नुसते मनात आले तरी पुरते. ॲपने ‘धोशा’चे उदाहरण म्हणून दिलेले ‘शिक्षकांनी नियमाचा धोशा केला’ हे वाक्य मात्र कोणत्याही घरात कोणी उच्चारणार नाही.

नामाबरोबर कोणते क्रियापद येते, हे सांगण्याची सोय काही नवी नाही. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाच्या 1857 सालच्या दुसऱ्या आवृत्तीत अनेक नामांपुढे सोबतचे क्रियापद नोंदवलेले आहे. छापील पानावर जागेची ओढाताण असताना जे जमले, ते पडद्यावर न जमण्याचे कारण मला दिसत नाही.

शोधाची सोयही अर्धवट आहे. ‘तगादा’ सापडतो, पण वाचताना अडलेला ‘तगाद्यामुळे’ जसाच्या तसा टाकला की ‘शब्द आढळला नाही’ असे उत्तर येते. म्हणजे ज्याला मूळ रूप आधीच ठाऊक आहे त्यालाच कोश उपयोगी पडतो. उच्चार स्पष्ट आहेत, अक्षरे मोठी आहेत आणि इंटरनेट नसतानाही ॲप चालते, ही जमेची बाजू. शुद्धलेखन पडताळण्यासाठी मी ते ठेवून घेतले आहे.

एक गोष्ट मात्र सांगितलीच पाहिजे. दर दोन-तीन दिवसांनी हे ॲप ‘आम्हाला पाच तारे द्या’ अशी चौकट पुढे करते आणि ती बंद केली तरी पुन्हा येते. धोशाच्या नोंदीत उदाहरण म्हणून हेच दिले असते तरी चालले असते. मी ते वाक्य दुरुस्तीच्या रकान्यात रीतसर लिहून पाठवले. दुसऱ्या दिवशी आभाराची पोच आली, त्याखाली पुन्हा पाच ताऱ्यांची विनंती होती. नोंद अजून तशीच आहे आणि मी दोन तारे दिले आहेत.