बीआरझेडला कोल्ड एअर इनटेक, नऊ महिने आणि एक बूच

आधीच सांगून टाकतो, इनटेक (इंजिनाला हवा पुरवणारा पाइप आणि फिल्टर) वाईट नाहीये. आवाज झकास आहे, बसवायला सोपा आहे, नऊ महिन्यांत फिल्टरला काही झालेलं नाही. पण गेले तीन आठवडे माझी झोप ज्याने उडवली ते म्हणजे जुन्या कॅमेऱ्याच्या रोलच्या डबीला झाकण असायचं ना, साधारण तेवढं एक काळं रबरी बूच. त्यामुळे या रिव्ह्यूत बूच जरा जास्त येणार, इलाज नाही.

गाडी २०१३ ची सुबारू बीआरझेड, मॅन्युअल, मी तिसरा मालक. इंजिन सगळ्यांना माहितीच आहे, दोन लिटर बॉक्सर, टर्बो नाही, कागदावर २०० हॉर्सपॉवर आणि तेही ७००० आरपीएमला, म्हणजे रोजच्या ट्रॅफिकमध्ये ते २०० कधी भेटतच नाहीत. आणि ३५०० ते ४५०० च्या मधला तो प्रसिद्ध खड्डा, जिथे टॉर्क, म्हणजे गाडीची ओढ, चहा प्यायला जातो. मला वाटलं होतं इनटेकने तो खड्डा थोडा तरी भरेल. का वाटलं होतं? कारण खोक्यावर छापलं होतं म्हणून. पन्नाशीला आलो तरी खोक्यावरचं वाचून विश्वास ठेवतो मी.

खरं तर हा रोग जुना आहे. पुण्यात कॉलेजला असताना आरएक्स १०० ला नाना पेठेतून आणलेला कोनवाला फिल्टर लावला होता आणि सायलेन्सरची पुंगळी काढली होती, बाबा म्हणाले होते गाडी पळते कमी आणि बोंबलते जास्त. तीस वर्षांनी कॅलिफोर्नियात फ्रिमाँटच्या गराजमध्ये मी परत तेच करत होतो, फक्त आता डॉलरमध्ये.

इनटेकचा किट ओपन बॉक्स, म्हणजे कोणीतरी उघडून परत केलेला, घेतला, २६० डॉलरला, नवा ३४० ला होता. ऐंशी डॉलर वाचले की मनात आपोआप रुपयांत गुणाकार होतो आणि आपण फार हुशार आहोत असं वाटतं. फेब्रुवारीत एका शनिवारी बसवला. बॅटरीची निगेटिव्ह काढली, आत येणारी हवा मोजणाऱ्या एअरफ्लो सेन्सरचा प्लग काढला, दोन क्लिपा ढिल्या केल्या, कारखान्याचा काळा डबा उचलून बाहेर. एक तासाचं काम, मला अडीच तास लागले कारण १० चा सॉकेट पडला तो खाली प्लास्टिकच्या पत्र्यावर जाऊन बसला आणि त्याला काढायला पत्रा खोलावा लागला, ज्याला परत १० चाच सॉकेट लागतो.

आता बूच कुठून आलं ते सांगतो. या गाडीत कारखान्यातूनच एक गंमत आहे, इनटेकच्या नळीपासून एक छोटी नळी मागे फायरवॉलपर्यंत, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या भिंतीपर्यंत जाते आणि इंजिनाचा आवाज आत केबिनमध्ये आणून सोडते. मधे पडदा असतो, हवा आरपार जात नाही, नुसता आवाज जातो. किटवाले म्हणतात ही नळी हवी तर नव्या पाइपला जोडा, नको तर त्या तोंडावर आम्ही दिलेलं बूच लावा. मी बूच लावलं. मला वाटलं आता खरा इनटेक आला, आवाजाची नकली नळी कशाला, इंजिनाची खोली कशी मोकळी दिसते बघा. इथेच फसलो.

पहिले सहा महिने मात्र मजा आली, ते मान्य करायला हवं. ४००० च्या वर पाय दाबला की समोरून जो घुमतो ना आवाज, एकदम खोल, छातीत येतो. नाइल्स कॅन्यनमध्ये रेल्वेच्या पुलाखालून जाताना काच खाली करायची आणि तिसरा गिअर, वा. रविवारी सकाळी हायवे ९ ने वर स्कायलाइनला जाऊन यायचो, उगाच. मायलेज जरा कमी झालं, पण त्यात इनटेकचा दोष नाही, आवाज ऐकायला मी पाय जास्त दाबतो.

ताकद? नाही. तो खड्डा जिथे होता तिथेच आहे, आता फक्त मोठ्याने आवाज करत खड्ड्यातून जातो. ज्यांना खरंच तो भरायचाय त्यांनी हेडर (इंजिनाला लागूनचा एक्झॉस्टचा पाइप) आणि ट्यून (कॉम्प्युटरचं नवं सेटिंग) करा, किंवा सरळ २०२२ पासूनची २.४ लिटरवाली घ्या, तिला २२८ हॉर्सपॉवर आहेत आणि खड्डा जवळपास गेलाय. नुसत्या इनटेकने आपल्या बुडाला जो फरक जाणवतो तो बराचसा कानाने दिलेला असतो.

आणि थंड हवेचं म्हणाल तर तीही एक गंमतच. हवा १० डिग्रीने गार झाली की साधारण ३ टक्के घट्ट होते, म्हणजे तेवढा ऑक्सिजन जास्त, तत्त्व बरोबर आहे. पण कारखान्याचा डबासुद्धा समोरच्या जाळीमागूनच हवा घेतो, तो काही इंजिनाच्या डोक्यावरची गरम हवा ओढत नव्हता. उलट माझ्या किटचा फिल्टर एका बाजूने उघडा आहे. गाडीच्या कॉम्प्युटरचे आकडे वाचणारा ब्लूटूथवाला ओबीडी रीडर लावून ऑगस्टमध्ये मी हायवे ८८० वर ट्रॅफिकमध्ये उभा होतो, बाहेर ३३ डिग्री, इनटेकची हवा ६१. जुन्या डब्याला असल्याच ट्रॅफिकमध्ये पन्नाशीच्या आत असायची. गाडी पळायला लागली की दोन-तीन मिनिटांत बाहेरच्यापेक्षा पाच-सहा डिग्रीवर येते, ठीक आहे, पण मग नाव कोल्ड एअर कशाला, हायवे एअर म्हणा.

तर सातव्या महिन्यात फिल्टर धुतला. तेलवाला जाळीचा फिल्टर आहे, धुवायचा, वाळवायचा, परत तेल मारायचं. बरोबर दोन आठवड्यांनी चेक इंजिन. कोड पी०१७१, म्हणजे मिश्रण लीन, हवा जास्त पेट्रोल कमी. आणि नोव्हेंबरात स्मॉग चेक, म्हणजे कॅलिफोर्नियातली गाडीची प्रदूषण तपासणी. दिवा पेटलेला असला की नापास, आणि दिवा पुसून गेलं तरी नापास, कारण कोड पुसला की मॉनिटर (गाडीचा कॉम्प्युटर स्वतःच करतो त्या तपासण्या) पण पुसले जातात आणि २००० पासूनच्या पेट्रोल गाडीला फक्त इव्हॅपचा, म्हणजे पेट्रोलच्या वाफेचा, एक अपूर्ण चालतो, बाकी सगळे तयार हवेत. म्हणजे आधी दुरुस्ती, मग आठवडाभर चालवणं, मग चेक.

मला वाटलं तेल जास्त झालं. सगळीकडे हेच सांगतात, फिल्टरचं जास्तीचं तेल उडून एअरफ्लो सेन्सरच्या गरम तारेवर बसतं, तार नीट गार होत नाही आणि कॉम्प्युटरला वाटतं हवा कमी येतेय, मग पेट्रोल कमी सोडतो. पटण्यासारखं आहे. सेन्सर क्लीनरचा कॅन आणला, साफ केला. चार दिवसांनी दिवा. परत साफ केला. परत दिवा. फिल्टर परत धुतला, या वेळी तेल अगदी पोळीला तूप लावतात तेवढंच. दिवा.

हवागळती असेल का हे मी बघितलं होतं, पण चुकीच्या पद्धतीने. नियम असा सांगतात की गळती असली तर आयडलला फ्युएल ट्रिम (कॉम्प्युटर पेट्रोल किती टक्के वाढवतोय तो आकडा) खूप वर असतो आणि रेस केली की खाली येतो. माझा आयडलला १९, २५०० ला १८. हलायलाच तयार नाही. म्हणजे गळती नाही, असं मी स्वतःच ठरवून टाकलं. हा नियम थ्रॉटलच्या (हवा कमीजास्त सोडणारी झडप) पुढच्या, इंजिनाकडच्या मॅनिफोल्डच्या गळतीचा आहे हो, तिथे आयडलला ओढ जास्त असते. सेन्सर आणि थ्रॉटलच्या मधे भोक असेल तर हवा जेवढी वाढेल तेवढी चोरी पण त्याच प्रमाणात वाढते, टक्का तोच राहतो. हे कळायला मला दोन आठवडे आणि क्लीनरचे दोन कॅन लागले. गॅरेजवाला नुसतं निदान करायचे १९५ डॉलर सांगत होता, ते मी देणार नव्हतोच.

सापडलं कानाने. बायकोला गाडीत बसवलं, म्हटलं ३००० वर धर. ती म्हणाली, "हाच आवाज वाढवायला पैसे दिलेस ना तू?" मी बॉनेटखाली डोकं घालून, आणि त्या घुमण्याच्या मागे कुकरची शिट्टी व्हायच्या आधी जी स्स होते ना, तशी बारीक स्स. बोट फिरवत मागे नेलं आणि बुचाशी आल्यावर बोट आत ओढल्यासारखं झालं. बुचाला क्लिपच्या कडेने नखभर चीर. नुसतं बघून दिसतसुद्धा नव्हती, रेस केली की बूच आत ओढलं जायचं आणि चीर तोंड उघडायची. पाइपवालं ते तोंड हाताने गच्च दाबलं तर ट्रिम माझ्यासमोर स्क्रीनवर उतरायला लागला. २६० डॉलरचा किट, आणि सगळा खेळ एका बुचावर.

कंपनीला मेल लिहिला, फोटो जोडले. चार दिवसांनी उत्तर, बूच वेगळं मिळेल, २ डॉलर ९९ सेंट, शिपिंग १२ डॉलर ९५. मी लिहिलं की पाकिटात घालून स्टॅम्प लावलात तरी येईल. उत्तर नाही. सात महिन्यांत फाटणारं रबर द्यायचं आणि वर शिपिंग मागायचं म्हणजे उंटावरचा शहाणा मीच. तात्पुरतं हार्डवेअरच्या दुकानातून नळाच्या पाइपला लावतात ती रबरी टोपी आणली, क्लिपसकट चार डॉलर, बसली एकदम. म्हणून मी इथे लिहायला बसलो होतो की हा किट अजिबात घेऊ नका.

इथपर्यंतचं मागच्या रविवारी लिहून ठेवलं होतं. आता पुढचं.

बुधवारी त्यांचा मेल आला, दुसऱ्या कोणाचा तरी. त्याने माझेच फोटो मोठे करून पाठवले, त्यावर लाल गोल. म्हणतो क्लिपचा ठसा रबरात दोन मिलिमीटर रुतलाय, तुम्ही ही क्लिप स्क्रू ड्रायव्हरने आवळली की सॉकेटने? आता काय सांगणार. सॉकेटने. म्हणजे तो १० चा शोधून काढल्याच्या रागात मी सगळंच सॉकेटने आवळलं होतं. फोटोत दिसतंय, खोटं बोलता येत नाही. तरी मी लिहिलं की तुमच्या कागदावर किती आवळायचं ते कुठेच लिहिलेलं नाही, नुसतं घट्ट करा असं आहे, आणि आमच्याकडे घट्ट म्हणजे घट्ट. त्याने ते मान्य केलं आणि बूच फुकट पाठवतो म्हणाला. त्यामुळे वरचं अजिबात घेऊ नका मागे घेतो. घ्या, पण ओपन बॉक्सच घ्या, पूर्ण किमतीला नको, आणि क्लिपा हाताने आवळा.

स्मॉगची पण एक गोष्ट राहिली. कॅलिफोर्नियात असाल तर कार्बचा (तिथल्या हवा प्रदूषण मंडळाचा) ईओ, म्हणजे मंजुरीचा, नंबर असलेलाच किट घ्या, आणि त्याचं चंदेरी स्टिकर बॉनेटखाली लगेच चिकटवा. माझा किट मंजूर आहे, पण स्टिकर मी ड्रॉवरमध्ये ठेवलं होतं, उगाच खराब दिसतं म्हणून. ही गाडी ओबीडी प्लगवाल्या चाचणीतली, नळीतून धूर मोजत नाहीत, पण माणूस बॉनेट उघडून बघतोच. चेकच्या आदल्या रात्री ड्रॉवर उघडला तर स्टिकर नाही. मुलीच्या पाण्याच्या बाटलीवर होतं, युनिकॉर्नच्या शेजारी. हेअर ड्रायरने गरम करून काढलं, एक कोपरा फाटला, नंबर वाचता येत होता. पास झालो. त्या माणसाने स्टिकरकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि काही बोलला नाही. तिला दुसरं स्टिकर आणून द्यायचं कबूल केलंय.

शनिवारी माळ्यावरून जुन्या भागांचा खोका काढला, पाइपची टोपी नीट बसलीय का बघायला मोजमाप हवं होतं म्हणून, आणि त्यात ती कारखान्याची आवाजाची नळी. तोंडाला लावून बघितली, टच्चकन बसली. स्प्रिंगची क्लिप, आवळायला स्क्रूच नाही, त्यामुळे माझ्या हातून फाटायचा प्रश्न नाही. हार्डवेअरची टोपी काढून टाकली. ट्रिम आता २ आणि ३ च्या मधे आहे, आणि आवाज केबिनमध्ये आधीपेक्षा जास्त येतो, जो मुळात मला हवा होता. म्हणजे पहिल्या दिवशी ही नळी तशीच ठेवली असती तर बूच लागलंच नसतं, दिवा नाही, क्लीनर नाही, मेल नाही. हे बायकोला अजून सांगितलेलं नाही.

काल कंपनीचं पाकीट आलं. आत एक नाही, दोन बुचं, आणि पाकिटावर साधे स्टॅम्प. म्हणजे स्टॅम्प लावून येतं, मी सांगितलं होतं ना. दोन्ही टेबलावर पडून आहेत. कोणाला हवी असतील तर सांगा, पोस्टेज तुमचं.