कडूला मुंग्या लागल्या तेव्हाच कळायला हवं होतं

कडुनिंब वाचवायच्या नावाखाली एकूण ३४,१२० रुपये बुडाले. आकडा आधीच लिहून टाकतो, म्हणजे पुढे हात आखडणार नाही. त्यातले २१,४२० सोसायटीचे, १२,७०० माझ्या पेन्शनचे. घरी फक्त ५,२०० माहीत आहेत. बाकीचे ७,५०० बायको हे वाचेल तेव्हा कळतील.

जुळे सोलापुरातल्या आमच्या सोसायटीत अकरा कडुनिंब आहेत. पंचवीसेक वर्षांपूर्वी आम्हीच लावलेले. मे महिन्यात पारा ४३-४४ वर गेला की पार्किंगला तेवढीच सावली. यंदा पौषात शेंडे विस्तवावर धरल्यासारखे तांबूस पडले. २०२१ मध्ये तेलंगणात कडुनिंब असेच वाळले होते, त्याचे जुने व्हिडिओ ग्रुपवर परत फिरायला लागले. इथं घरटी कुणाचं ना कुणाचं हैदराबादकडे नातं. घबराट पसरायला वेळ लागला नाही.

आणि तिसऱ्याच दिवशी झाडं वाचवून देतो म्हणणारा तो हजर. अशी माणसं नेमकी तेव्हाच कशी येतात हे तुम्हाला सांगायला नको. गळ्यात ओळखपत्र, हातात भिंग. एक डहाळी मोडली, भिंगातून पाहिली आणि म्हणाला, "सर, फोमोप्सिस."

मी २८ वर्षं शाळेत जीवशास्त्र शिकवलंय. दुसऱ्या कुणी "कीड लागलीय" म्हटलं असतं तर फाटकातूनच परत पाठवला असता. पण रोगाचं नाव बरोबर होतं. त्या बुरशीनं शेंडे वाळतात, आणि काजूवर पडतो तो ढेकण्या किडा कडुनिंबाचाही रस शोषून तिला वाट करून देतो, हेसुद्धा त्यानं बिनचूक सांगितलं. वर म्हणाला, आधी केगावला डाळिंब संशोधन केंद्रात होतो. केगावचं केंद्र सोलापुरात कुणाला माहीत नाही? एक फोन लावायचा होता. नाही लावला. समोरच्याच्या तोंडून आपल्या विषयातला शब्द आला की आपण परीक्षा घ्यायचं सोडून देतो.

उपाय म्हणजे खोडात औषधाचं इंजेक्शन, दर इंचावर. शिंप्याचा टेप काढून छातीच्या उंचीवर प्रत्येक खोडाचा घेर मोजला. बेरीज ६१२ इंच, इंचाला ३५ रुपये, म्हणजे २१,४२०. मोजमाप वहीत लिहून माझी सही घेतली. उलट त्याची सही मी घेतली नाही. पावती मागितली तर "जीएसटी लागेल सर, तुमचेच १८ टक्के जातील." पैसे यूपीआयवर गेले, ते कुणा बाईच्या खात्यावर.

हमी अशी, की पाडव्यापर्यंत पालवी फुटली नाही तर सगळे पैसे परत.

हे वाक्य मी रोज रात्री आठवतो. पाडव्याला! कडुनिंब पानगळ करतो आणि चैत्रात तांबूस कोवळी पालवी आणतो, म्हणून तर आपण पाडव्याला ती खातो. वर्गात हेच उदाहरण मी दर वर्षी दिलं. या माणसानं मला सूर्य उगवण्याची हमी विकली आणि मी ती विकत घेतली.

इंजेक्शनच्या दिवशी एकेका खोडाला ड्रिलनं चार-चार भोकं पाडली. आधी काळपट भुसा, मग पिवळट, मग ओलसर. त्यात प्लास्टिकच्या नळ्या ठोकून तपकिरी औषध सोडलं. बाटलीवर झेरॉक्सचं लेबल. कीटकनाशक असो वा बुरशीनाशक, लेबलवर लाल, पिवळा, निळा नाहीतर हिरवा त्रिकोण, नोंदणी क्रमांक आणि बॅच क्रमांक हवाच. १९६८ च्या कायद्यापासूनची गोष्ट आहे. त्रिकोण नसेल तर माणसाला फाटकाच्या आत घेऊ नका. मी विचारलं तेव्हा म्हणाला, "सेंद्रिय आहे सर, त्याला नसतो." मी मान डोलावली.

संध्याकाळी बायको फिरून आली आणि म्हणाली, "अहो, त्या झाडांना मुंग्या लागल्यात. कडूला मुंग्या लागतात होय?"

जाऊन पाहिलं. सातव्या झाडावर मुंग्यांची रांग सरळ नळीच्या तोंडाशी, नळीखाली चिकट ओघळ. बोट लावून चाखलंसुद्धा. गोड होतं. गुळाचं पाणी! आणि मी काय केलं? तिला अर्धा तास समजावलं की झाडाला जखम झाली की डिंक येतो, त्यात शर्करा असतात. शर्करा! भाकरी थापताना तिनं ओळखलं असतं ते मला पदवी घेऊन कळलं नाही. माझ्या बाजूनं एवढंच म्हणतो की खर्चाला कमिटीतल्या सात जणांनी हात वर केले होते. आज त्यातल्या एकालाही ते आठवत नाही.

पाडव्याला आठ झाडं फुटली. वाजतगाजत. तीन मागे राहिली, तेव्हा तो 'मुळांची पावडर' घेऊन आला, आठ पिशव्या, ६५० ची एक. त्या तिन्हींना दुसरा डोस, २,५०० प्रमाणे. ग्रुपवर मी इतकं कौतुक लिहून बसलो होतो की माघार घेण्यापेक्षा खिशातून भरणं सोपं वाटलं. पैसे देऊन दूध आणायला बाहेर पडलो तर रस्त्याकडेचा कडुनिंब, ज्याला कुणी बोटही लावलं नव्हतं, आमच्याहून दाट फुटलेला. तिथंच पिशवी धरून उभा राहिलो. घरी येऊन फोन लावला. बंद.

मग दारं ठोठावणं सुरू. कार्यालयांची नावं घालत नाही. चौकीत म्हणाले, पैसे मोबाइलवरून गेले, सायबरला जा. सायबरवाले म्हणाले, माणूस समोर येऊन घेऊन गेला, लिंक नाही, ओटीपी नाही, हा सायबर कसा? चौकीत जा. दोन्हीकडे तीन-तीन फेऱ्या. एकानं तर हसत विचारलं, "गुरुजी, झाडाला इंजेक्शन?" आता ४२० नाही, न्याय संहितेचं ३१८ कलम आहे, हे मीच सांगितलं. अर्ज 'चौकशीवर' आहे. ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला फी नाही, पण सामनेवाल्याचा पत्ता लागतो. माझ्याकडे बंद नंबर आणि एका बाईचं नाव.

झाडांच्या कार्यालयानं तर कमाल केली. मी गेलो होतो भोकांतून काळं पाणी झिरपतंय, येऊन बघा म्हणून. साहेबांनी १९७५ चा वृक्ष संरक्षण कायदा काढला. त्यात झाडाला कोणत्याही प्रकारे इजा करणं हेही 'तोडण्यात'च धरलंय. "भोकं पाडायची परवानगी कुणाची घेतली?" लेखी खुलासा मागितला, तोही माझ्याकडून, कारण वहीत सही माझी! चोर पांढऱ्या गाडीतून गेला आणि फिर्यादी खुलासे लिहितोय.

शेवटी कृषी पदवीधर झालेला माझा जुना विद्यार्थी आला. फुकट. म्हणाला, सर, मोठं झाड यातून बहुतेक वेळा आपलं आपण सावरतं. वाळलेले शेंडे हिरव्या भागापर्यंत छाटून जाळा, कापलेल्या तोंडाला बोर्डो पेस्ट लावा: एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी, आणि लोखंडी भांडं नको. मग खाली बघून म्हणाला, हे पेव्हर ब्लॉक बुंध्याला चिकटून कुणी बसवले? मुळांना पाणी कुठून मिळणार? तीन वर्षांपूर्वी आम्हीच बसवले होते. मीटरभर ब्लॉक उखडायला गवंड्यानं सगळ्या झाडांचे मिळून ३,३०० घेतले. पावतीसह.

परवा होटगी रोडच्या एका सोसायटीतून ओळखीच्यांनी फोटो पाठवला. "हा माणूस आलाय, झाडं वाचवतो म्हणतो, हे त्याचं आधीचं काम. तुमच्याकडचंच दिसतंय, खरं का?" फोटोत आमची हिरवीगार झाडं, आणि सातव्या झाडाशेजारी टोपी घालून, अंगठा वर करून उभा असलेला मी.